एप्रिलची विहीर बघून मळा आखा : उन्हाळी भाजीसाठी पाण्याचं वाटप कसं बसवायचं

मार्च संपत आला की ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरच्या गावांतून ठरलेला प्रश्न येतो. भेंडी दुपारी माना टाकते, शेंगा वाकड्या येतात, ठिबक बदलू का? मळ्यावर गेलं की दिसतं, ठिबकाचा दोष फार थोडा आहे. जानेवारीत विहीर तुडुंब होती, म्हणून एकरभर पेरलं. एप्रिलला तीच विहीर अर्ध्या मळ्याला पुरेना. मग घाबरून दोन-दोन व्हॉल्व्ह एकत्र उघडले, त्यामुळे दाब पडला आणि जे थोडं पाणी होतं तेही नळीच्या तोंडाशीच संपलं.

विहीर किंवा बंधाऱ्याच्या डोहावर ३ ते ५ एचपीचा पंप ठेवून भातानंतर भेंडी, काकडी, मिरची करणाऱ्यांसाठी ही पद्धत लिहितो आहे. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी मोजायचं, मग क्षेत्र ठरवायचं, मग भाग पाडायचे आणि पाइप सगळ्यात शेवटी घ्यायचा. बहुतेक जण दुकानातून सुरुवात करतात आणि विहिरीपाशी शेवटी येतात.

## जमवाजमव

मोजपट्टी, वजन बांधलेली दोरी, २०० लिटरचा ड्रम, मोबाइलचं स्टॉपवॉच, दोन प्रेशर गेज (पाण्याचा दाब दाखवणारी घड्याळं), एकसारखे १६ डबे (श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम), दवाखान्यात मिळतो तसा मिलिलिटरच्या खुणांचा मोजपेला, टिकाव आणि वही. वही विसरू नका. आकडे डोक्यात ठेवणाऱ्याला एप्रिलमध्ये फक्त जानेवारीचे आकडे आठवतात.

ठिबकासाठी अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत संच विकत घेऊ नका. आधी बिल आणि मग अर्ज, या उलट्या क्रमामुळे आमच्या वाडीतल्या दोघांची प्रकरणं अडकली.

## १. विहिरीची रोजची आवक मोजा

विहिरीत किती पाणी दिसतं याला उन्हाळ्यात अर्थ नाही. चोवीस तासांत झऱ्यांतून किती येतं, ते मोजायचं.

अ. नेहमीसारखा उपसा करा. पंप बंद केला की लगेच कठड्यावरच्या खडूच्या खुणेपासून पाण्यापर्यंत दोरी सोडून अंतर मोजा आणि वेळ लिहा.

आ. चोवीस तास पंपाला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच खुणेवरून परत मोजा. दोन मापांमधला फरक म्हणजे पाण्याची चढ.

इ. गोल विहिरीसाठी व्यास × व्यास × ०.७८५ × चढ (सगळं मीटरमध्ये) करा. आलेल्या आकड्याला १,००० ने गुणलं की लिटर मिळतात. चौकोनी विहिरीला लांबी × रुंदी × चढ.

उदाहरण म्हणून ६ मीटर व्यासाची विहीर घेऊ, हेच उदाहरण शेवटपर्यंत चालवू. जानेवारीत चढ ७० सेंटिमीटर आली, तर ६ × ६ × ०.७८५ × ०.७० म्हणजे सुमारे १९,८०० लिटर. त्याच विहिरीत एप्रिलला चढ ४५ सेंटिमीटर आली, तर १२,७०० लिटर. मळा दुसऱ्या आकड्यावर आखायचा.

एप्रिलचं माप हाताशी नसेल तर पहिल्या वर्षी जानेवारीच्या आवकीच्या निम्मं धरा. पाणी उरलं तर पुढच्या वर्षी दोन गुंठे वाढवता येतात. मेमध्ये उभं पीक सोडून देण्यापेक्षा ते बरं.

सावध : विहीर काठोकाठ भरलेली असताना ही चाचणी घेऊ नका. पातळी आधीच वर असेल तर झरे जोर करत नाहीत आणि आवक खोटी कमी दिसते. त्याचप्रमाणे शेजारची बोअर बंद असताना मोजलेली आवकही खोटी असते, फक्त ती जास्त दिसते. शेजाऱ्याचा उपसा रोजच्यासारखा चालू असताना मोजा.

## २. पंप खरोखर किती देतो ते बघा

ड्रम भरायला लागलेले सेकंद मोजायचे, एवढंच काम. पण ते उघड्या पाइपाच्या तोंडाशी केलं तर फसाल. उघड्या तोंडाने पंप जितकं फेकतो तितकं तो ठिबकाच्या दाबावर देत नाही. म्हणून फिल्टर जोडा, त्याच्या पुढे गेज लावा आणि कॉक दाबून गेजवर दीड किलोचा (चौरस सेंटिमीटरला दीड किलो) दाब धरा. आता ड्रम भरा.

आपल्या उदाहरणात २०० लिटरला ६७ सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला जवळपास ३ लिटर, तासाला १०,७५० लिटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढचे सगळे भाग याच आकड्यात बसवायचे आहेत.

## ३. क्षेत्र ठरवा

इथे एकच गोष्ट पाठ करा. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा असतो, वरचा एक सोडून द्या.

पिकाची रोजची गरज काढायला त्या दिवसांतलं बाष्पीभवन, पिकाच्या वयाचा गुणांक (बाष्पीभवनाच्या किती पट पाणी पीक घेतं तो आकडा) आणि ठिबकाची कार्यक्षमता लागते. आपल्या भागात बाष्पीभवन जानेवारीत दिवसाला साडेतीन, फेब्रुवारीत साडेचार आणि एप्रिलमध्ये सहा मिलिमीटरच्या आसपास धरून चाला. भेंडीचा गुणांक रोप लहान असताना ०.४, फुलं लागताना ०.८ आणि भर तोड्यात १. ठिबकाची कार्यक्षमता ९० टक्के, म्हणून ०.९ ने भागायचं.

एप्रिलची भर तोड्यातली भेंडी : ६ × १ ÷ ०.९ = ६.७ मिलिमीटर. गुंठ्याला रोज ६७० लिटर.

विहीर एप्रिलला १२,७०० लिटर देते. घर आणि गुरांचे १,००० बाजूला काढा. राहिले ११,७००. भागिले ६७० म्हणजे १७ गुंठे.

आता हाच हिशेब जानेवारीच्या आकड्यांवर करून बघा. ३.५ ÷ ०.९ म्हणजे गुंठ्याला ३९० लिटर आणि विहिरीत १९,८०० लिटर. पन्नास गुंठे बसतात! विहीर एकच, पण जानेवारीत सव्वा एकराची दिसते आणि एप्रिलला सतरा गुंठ्यांची असते. दरवर्षी माणूस फसतो तो नेमका इथे.

मग उरलेली जमीन पडीक ठेवायची का? नाही. भात कापल्यावर खाचरातली ओल मोडायच्या आत वाल टाका. कडवे वाल त्या ओलीवरच येतात, त्यांना पाणी द्यावं लागत नाही. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी एक आणि घाटे भरताना एक अशी दोन पाणी दिली तरी चालतं, आणि ती पाणी पडतात तेव्हा विहिरीत भरपूर असतं. मेथी, कोथिंबीर, मुळा यांनाही मार्चच्या आत रिकामं करता येतं. विहिरीचं जास्तीचं पाणी लवकर संपणाऱ्या पिकाला द्यायचं आणि मेपर्यंत उभं राहणारं पीक फक्त त्या सतरा गुंठ्यांत घ्यायचं.

तपासा : ठरवलेलं क्षेत्र × ६७० हा आकडा एप्रिलच्या आवकीपेक्षा कमी आहे ना? नसेल तर पुढे वाचू नका, परत मागे या.

## ४. भाग पाडा, पण उंचीप्रमाणे

आपल्याकडची जमीन खाचरांची. एकेक खाचर दुसऱ्यापेक्षा हात-दोन हात वर-खाली. मैदानी भागातल्या माणसाने काढलेला नकाशा इथे जसाच्या तसा चालत नाही.

पाणी एक मीटर वर चढवलं की ०.१ किलो दाब जातो. चार मीटर वरच्या खाचरात एक किलोऐवजी ०.६ किलो राहतो, आणि तासाला ४ लिटरचा साधा ड्रिपर (नळीतून थेंब सोडणारं तोंड) तिथे ३.१ लिटर देतो. चार मीटर खालच्या खाचरात तोच ड्रिपर ४.७ देतो. एकच व्हॉल्व्ह, एकच वेळ, पण खालच्याला वरच्याच्या दीडपट पाणी.

हे मी स्वतः करून बसलो आहे. पहिल्या वर्षी तीन खाचरांना मिळून एकच व्हॉल्व्ह ठेवला, कारण व्हॉल्व्हचे पैसे वाचत होते. वरची भेंडी गुडघ्याएवढी राहिली, खालची पिवळी पडून मुळाशी कुजली. मधल्या खाचराचा तोडा काय तो कल्याणच्या बाजारात गेला.

म्हणून :

- ज्या खाचरांच्या पातळीत एक-दीड मीटरपेक्षा जास्त फरक नाही तीच एका भागात घ्या. विहिरीपासून जवळ-लांब हा विचार नंतर.
- लॅटरल (ड्रिपर असलेली बारीक नळी) बांधाला समांतर, सपाटीवर. उतार असेल तर तो सबमेनला (लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या जाड पाइपाला) सोसू द्या, लॅटरलला नको.
- १६ मिमीची, ४० सेंटिमीटरवर ४ लिटरचे ड्रिपर असलेली नळी चाळीस-पन्नास मीटरपुढे नेऊ नका. खाचर लांब असेल तर सबमेन मधून काढून दोन्ही बाजूंना नळ्या सोडा.
- खाचरांच्या पातळ्या फारच वेड्यावाकड्या असतील तर दाब-नियंत्रित ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) घ्या. महाग आहेत, पण अशा जमिनीत पैसे वसूल करतात.

आता आपल्या उदाहरणाचा हिशेब. १७ गुंठे म्हणजे सुमारे १,७१७ चौरस मीटर. दोन लॅटरलमध्ये १.२ मीटर अंतर ठेवलं तर नळी लागते १,४३० मीटर. ४० सेंटिमीटरवर एक, असे सुमारे ३,५७५ ड्रिपर. प्रत्येकी ४ लिटर म्हणजे तासाला १४,३०० लिटर. पंप देतो १०,७५०. एका दमात होणार नाही, म्हणून दोन भाग, प्रत्येकी ७,१५० लिटरचा.

पंपाचे राहिलेले ३,६०० लिटर बायपासने (पंपाजवळून काढलेल्या वेगळ्या पाइपाने) परत विहिरीत जाऊ द्या. बायपास बंद ठेवला तर दाब वाढून एखादा जोड निसटतो, आणि तो नेमका रात्री निसटतो.

नेहमीची चूक : वीज थोडाच वेळ आहे म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडणे. चौदा हजारांची मागणी, पावणेअकरा हजारांचा पंप. पाणी सगळीकडे पोचल्यासारखं दिसतं, पण नळीच्या शेवटच्या दहा मीटरमधल्या झाडांना निम्मंही मिळत नाही. वेळ कमी असेल तर एक भाग आज आणि दुसरा उद्या करा.

## ५. आता पाइप घ्या

भागाचा प्रवाह कळला की पाइपाचा व्यास दुकानदाराला विचारावा लागत नाही. सात हजार लिटरला ६३ मिमीची मुख्य वाहिनी घ्या. पैसे वाचवायला ४० मिमी घेतली तर तेच पाणी अडीचपट वेगाने धावतं आणि घर्षणात जाणारा दाब नऊ-दहा पट होतो. तिथे वाचवलेले पैसे पुढे मोठ्या पंपावर जातात, आणि मोठा पंप विहिरीत पाणी वाढवत नाही.

फिल्टर पाण्याप्रमाणे निवडा. विहिरीच्या स्वच्छ पाण्याला जाळीचा किंवा डिस्कचा फिल्टर पुरतो. बोअरमधून वाळू येत असेल तर त्याआधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी काढणारं भांडं) लावा. बंधाऱ्याचा डोह, नदी किंवा कालव्याचं पाणी असेल तर शेवाळासाठी वाळूचा फिल्टर हवाच. काळू नदीच्या डोहावर फक्त जाळीचा फिल्टर लावून पंधरा दिवसांत अर्धे ड्रिपर बुजवलेला मळा मी पाहिलेला आहे.

एक गेज फिल्टरच्या आधी, एक नंतर. दोन्हींमधला फरक अर्ध्या किलोवर गेला की फिल्टर धुवायचा. ‘आठवड्याला धुतो’ ही शिस्त चांगली, पण गाळ वारावर येत नाही.

## ६. डब्यांची चाचणी

संच जोडल्यावर कुणीच हे करत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि हे न केल्यामुळे दोन-दोन वर्षं माणसं खत बदलत बसतात.

एका भागातल्या चार नळ्या निवडा : पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येक नळीवर चार जागा : तोंडाशी, एक तृतीयांशावर, दोन तृतीयांशांवर आणि शेवटी. सोळा ड्रिपरखाली थोडा खड्डा करून सोळा डबे ठेवा. पंप चालू करून गेज स्थिर होऊ द्या, मग बरोबर तीन मिनिटं पाणी पकडा. ४ लिटरच्या ड्रिपरने २०० मिलिलिटर द्यायला हवं.

सोळा आकड्यांची सरासरी काढा. मग सगळ्यात कमी असलेल्या चार आकड्यांची वेगळी सरासरी काढा. दुसरी भागिले पहिली.

- ०.९ किंवा वर : उत्तम, हात लावू नका.
- ०.८ ते ०.९ : चालेल, हंगामाच्या मध्यावर परत तपासा.
- ०.८ च्या खाली : कारण शोधल्याशिवाय पेरू नका.

कारण आकड्यांतच दिसतं. सगळ्या नळ्यांचं शेपूट कोरडं असेल तर नळी लांब झाली आहे किंवा दाब कमी आहे. एकच नळी कमी देत असेल तर ती मुडपली आहे किंवा जोडापाशी चोंदली आहे. कमी-जास्त आकडे कसेही विखुरलेले असतील तर ड्रिपर बुजले आहेत. आणि वरच्या खाचरातल्या सगळ्याच नळ्या कमी असतील तर चौथ्या टप्प्याकडे परत जा.

## ७. रोजचे मिनिट ठरवा

१.२ मीटर × ४० सेंटिमीटर या अंतरावर ४ लिटरचा ड्रिपर तासाला ८.३ मिलिमीटर पाणी देतो. पिकाची गरज त्याने भागली की वेळ मिळते.

- जानेवारी, लहान रोप : रोजचे १.६ मिमी, प्रत्येक भागाला ११ मिनिटं.
- फेब्रुवारी, फुलं लागताना : ४ मिमी, २९ मिनिटं.
- एप्रिल, भर तोडा : ६.७ मिमी, ४८ मिनिटं.

घड्याळ पंपाचं बटण दाबल्यापासून लावू नका. नळ्या भरायला तीन-चार मिनिटं जातात. अकरा मिनिटांतली चार तिथेच गेली तर रोपाला काय मिळालं? गेज स्थिर झाला की मोजायला लागा.

पाणी रोज द्यायचं की दिवसाआड, हे जमीन सांगते. आपल्याकडची वरची खाचरं मुरमाड असतात, हात-दीड हातावर कातळ. तिथे तीन दिवसांचं पाणी एकदम दिलं तर मुळांच्या खाली निघून जातं, म्हणून रोज द्या, आणि एप्रिलमध्ये शक्य असेल तर सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं. खालच्या खाचरांतली काळी चिकण माती धरून ठेवते, तिथे दिवसाआड दुप्पट वेळ चालतं.

ही मिनिटं सुरुवातीची समजा. दर चार दिवसांनी झाडापासून वीतभर अंतरावर टिकावाने वीतभर खणा आणि माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटं ओली झाली नाहीत, तर बरोबर. गोळा फुटून भुगा झाला तर पाच मिनिटं वाढवा. बोटांना चिखल लागला तर पाच कमी करा.

सावध : दुपारी दोनला पानं माना टाकतात यावरून पाणी वाढवू नका. एप्रिलच्या उन्हात भरल्या पोटाची भेंडीही मान टाकते. सकाळी सातला बघा. सकाळीही झाड मरगळलेलं असेल तर खणून बघा, कारण तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड दिसायला सारखंच असतं. कुजलेल्याला आणखी पाणी दिलं की काम तमाम.

रात्रपाळीच्या विजेचं वेगळंच दुखणं आहे. पंपाला ऑटो लावून माणूस झोपतो. वीज आली की पंप सुरू होतो आणि पाणी जातं कालच्याच उघड्या भागात. एका भागाला तीन तास, दुसऱ्याला शून्य. ऑटो लावायचा असेल तर सोबत टायमर लावा, आणि झोपायला जायच्या आधी दुसऱ्या दिवशीच्या भागाचा व्हॉल्व्ह उघडून ठेवा. खुंटीला रंगीत चिंधी बांधायची माझी सवय आहे, ज्या भागाची पाळी त्या व्हॉल्व्हवर चिंधी. हसू नका, घरातल्या कुणालाही कळतं.

खत सोडताना एकूण वेळेचे तीन भाग करा : आधी साधं पाणी, मध्ये खत, शेवटी परत साधं पाणी. शेवटचा साध्या पाण्याचा भाग गाळला तर खत नळीत साकळतं. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाचं खत एकाच टाकीत कधीही नको, दोन्ही मिळून खडी होते आणि ड्रिपरमध्ये बसते.

भाताचा पेंढा घरचा असेल तर नळीच्या दोन्ही बाजूंना चार बोटं जाड पसरा. जमिनीवरून उडून जाणारं पाणी वाचतं, आणि गवत काढण्याची मजुरीही. वाळवी असलेल्या जागी मात्र खोडाला चिकटवू नका.

खाडीकडची गावं, भिवंडीच्या खालच्या अंगाची, यांच्या विहिरी मचूळ असतात. तिथे ओलीच्या कडेला पांढरा थर धरतो. अवकाळी पाऊस आला की हा क्षार धुऊन मुळांकडे येतो. म्हणून अशा शेतात पाऊस पडत असतानाही ठिबक चालू ठेवायचं. विचित्र वाटतं, पण रोपं वाचतात.

## ८. ठिबक नसेल तर

सरीने पाणी देताना १० पैकी ६ भागच मुळांना लागतात असं धरा. मग एप्रिलला गुंठ्याला ६७० नव्हे, १,००० लिटर लागतात आणि त्याच विहिरीवर १७ च्या जागी ११ गुंठेच बसतात. तेवढंच लावा.

सऱ्या आखूड ठेवा, मुरमाड जमिनीत वीस-पंचवीस मीटर. पाणी सरीच्या पाऊण अंतरावर पोचलं की तोंड बंद करा, उरलेलं आपोआप शेवटाला जातं. आणि टंचाईत एक आड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीला राहिलेल्या. विहिरीपासून मळ्यापर्यंत मातीचा पाट असेल तर आधी तिथे पाइप टाका. ठिबकाआधी खर्च करायची जागा ती आहे.

## ९. पाणी सामाईक असेल तर

बंधाऱ्याच्या एका डोहावर चार पंप असतात आणि पाळी तासांवर ठरते. ‘सगळ्यांना तीन तास’ ऐकायला न्यायाचं वाटतं. पण एकाचा पंप तासाला १४,४०० लिटर उपसतो आणि दुसऱ्याचा ९,०००. ड्रम घेऊन प्रत्येक पंपावर जा, सगळ्यांसमोर मोजा. प्रत्येकाला ३६,००० लिटर द्यायचे ठरले तर पहिल्याला अडीच तास, दुसऱ्याला चार तास. सगळ्यांसमोर मोजलं की भांडण बरंचसं तिथेच मिटतं.

कालव्यावर, म्हणजे भातसा धरणाच्या लाभक्षेत्रात वगैरे, पाळीची सुरुवात चारीच्या शेवटच्या शेतापासून करा. तोंडाशी असणाऱ्याला पाणी कसंही मिळतंच. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांनी करण्याचा २००५ चा राज्याचा कायदा पाणी वापर संस्थेला आपल्या क्षेत्रात वाटप ठरवू देतो. गावात संस्था असेल तर पाळीचं पत्रक हंगामाच्या आधी लेखी लावून घ्या. फेब्रुवारीत तोंडी ठरलेलं एप्रिलला कुणाला आठवत नाही.

## १०. हंगाम चालू असताना आणि आवरताना

आठवड्यातून एकदा लॅटरलची टोकं उघडून पाणी सोडा, एका वेळी पाच-सहाच. सगळी एकदम उघडली तर पाण्याला वेग येत नाही आणि गाळ आतच राहतो. टोकातून स्वच्छ धार आली की बंद. सबमेनचं टोक यांच्याआधी धुवा, नाहीतर त्यातला गाळ नुकत्याच धुतलेल्या नळ्यांत जातो.

नळीत पांढरा क्षार दिसला तर आम्लाची प्रक्रिया करावी लागते. ती पहिल्यांदा जाणत्या माणसाला बोलावून करा. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि आम्ल पाण्यात ओता. पाणी आम्लात कधीही ओतू नका, उसळून अंगावर येतं.

मेमध्ये शेवटचा तोडा झाला की नळ्या धुऊन, गुंडाळून, घराच्या माळ्यावर ठेवा. खाचरात ठेवल्या तर पहिल्या पावसाच्या आत उंदीर कुरतडतात, आणि राहिलेल्या नांगराच्या फाळाला येतात. गुंडाळताना प्रत्येक वेटोळ्याला खाचराचा क्रमांक बांधा.

विहिरीच्या चढीचं माप एप्रिलच्या मध्याला एकदा आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा घ्या, आणि त्याच दिवशी वहीत उतरवा. कठड्यावरची खडूची खूण जूनच्या पहिल्या सरीला पुसली जाते.